मानवाधिकार करारांचे थकलेले अहवाल: डिचोलीहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात दिव्यांग मुलांच्या पालकांचा एक गट आहे. त्यात काम करणाऱ्या ताईंनी एका प्रशिक्षणात ऐकले की संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार करारांखाली ‘स्टेट रिपोर्ट’ द्यावे लागतात आणि त्यातले बरेच वर्षानुवर्षे थकलेले असतात. त्या विचारतात: मग गोवा राज्याचा अहवाल कुठे अडला आहे? थकला तर कोणाला दंड होतो का? आणि आमच्या वहीत पाच वर्षांच्या नोंदी आहेत, त्यांचा काही उपयोग आहे, की जिनिव्हाचे जिनिव्हातच राहणार?

आधी ‘स्टेट’चा घोळ निस्तरते. माझ्या प्रत्येक कार्यशाळेत निम्मी मंडळी इथेच अडखळतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘स्टेट’ म्हणजे देश. ‘स्टेट पार्टी’ म्हणजे करार स्वीकारून त्याने बांधला गेलेला देश. आपल्या बाबतीत भारत. गोव्याचा असा वेगळा अहवाल नसतोच, तेव्हा तो थकण्याचा प्रश्न नाही. प्रत्येक कराराची तज्ज्ञांची एक समिती जिनिव्हात बसते; तिच्यासमोर उभे राहून उत्तर द्यायचे ते दिल्लीने.

म्हणून पर्वरीच्या राज्य सचिवालयाने हात झटकावेत असे मात्र नाही. संविधानाच्या कलम 253 मुळे करार पाळण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, पण पोलीस, आरोग्य, जमीन हे विषय राज्याच्या यादीत आहेत. शाळेत रॅम्प आहे का, दाखला किती दिवसांत मिळतो, कोठडीत कोणाला मारहाण झाली का, हे दिल्लीतल्या सहसचिवाला कळणार ते राज्याने कळवल्यावर. अहवाल दिल्लीचा असला तरी त्यातला दाणा-दाणा तालुक्यातून गेलेला असतो. आणि तो बहुतेक वेळा तालुक्यातच अडकतो. त्याकडे पुढे येते.

मुदतींचा हिशेब प्रत्येक कराराचा निराळा आहे. यूएनसीआरपीडी, म्हणजे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार, त्याच्या कलम 35 प्रमाणे पहिला अहवाल दोन वर्षांत आणि मग निदान दर चार वर्षांनी. बालहक्क संहितेत दोन वर्षे आणि मग दर पाच. स्त्रियांसंबंधीच्या सीडॉ करारामध्ये एक आणि मग दर चार. वंशभेद निर्मूलनाच्या करारात एक आणि मग दर दोन. ही दोन वर्षांची मुदत जगात फारसे कोणी पाळत नाही आणि समितीही दोन मुदतींचे अहवाल एकत्र घेते. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात पहिला अहवाल वर्षाच्या आत, पुढचे समिती सांगेल तेव्हा. ठरलेली तारीख उलटली की अहवाल ‘थकला’. एवढाच त्याचा अर्थ.

भारताची वही उघडली तर काय दिसते? मुख्य करार नऊ. त्यांतले सहा आपण स्वीकारले आहेत. छळविरोधी करारावर 1997 मध्ये आणि सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या करारावर 2007 मध्ये सही केली, पण मान्यता दिली नाही, त्यामुळे त्यांचा अहवालही लागत नाही. स्थलांतरित कामगारांच्या करारावर तर सहीसुद्धा नाही. ज्या गोव्यात कित्येक घरांतले कोणी ना कोणी आखातात राबून आले, तिथे हे लक्षात ठेवावे.

स्वीकारलेल्या सहांपैकी नागरी व राजकीय हक्कांच्या कराराची गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. भारताने तो 1979 मध्ये स्वीकारला. तिसरा अहवाल जुलै 1997 मध्ये तपासला गेला. चौथा द्यायचा होता 31 डिसेंबर 2001 पर्यंत. त्या चौथ्या अहवालावर समितीसमोर चर्चा झाली 15 आणि 16 जुलै 2024 ला. मधे सत्तावीस वर्षे गेली. 1997 मध्ये समितीने सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांच्या कायद्याबद्दल, म्हणजे अफ्स्पाबद्दल, चिंता व्यक्त केली होती. 2024 मध्येही तो विषय पुन्हा निघाला. 1997 मध्ये जन्मलेली मुलगी 2024 पर्यंत वकील होऊन कोर्टात उभी राहिलेली असते, आणि समिती मात्र जुन्याच पानावर.

बाकीच्यांचे भरभर सांगते. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारात दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे अहवाल एकाच गठ्ठ्यात दिले गेले आणि मे 2008 मध्ये तपासले गेले. पुढची तारीख 30 जून 2011 होती, ती मागे पडून दशकाहून जास्त काळ लोटला. वंशभेदाच्या करारात पंधरावा ते एकोणिसावा असे पाच एकत्र, चर्चा फेब्रुवारी 2007 मध्ये, पुढची तारीख जानेवारी 2010. तीही तशीच हुकली. सीडॉ आणि बालहक्क या दोन्हींवर 2014 मध्ये चर्चा झाली, पुढच्या तारखा 2018 च्या होत्या. तुमचा यूएनसीआरपीडी भारताने 2007 मध्ये स्वीकारला, पहिला अहवाल 2010 मध्ये द्यायचा होता, तो गेला 2015 च्या नोव्हेंबरात आणि चर्चा झाली सप्टेंबर 2019 मध्ये.

या शेवटच्या ओळीत एक गोष्ट सहज सुटून जाते. 2010 ते 2015 हा उशीर आपला. 2015 ते 2019 हा उशीर समितीचा. समित्यांकडे अहवालांचा ढीग पडलेला असतो, सदस्य बिनपगारी, वर्षातले काही आठवडेच बैठका, भाषांतराला पैसा अपुरा, आणि कोविडनंतर तर ढीग आणखी वाढला. यात एक विनोद आहे, जिनिव्हातले लोकही तो दबक्या आवाजात करतात: सगळ्या देशांनी उद्या वेळेवर अहवाल दिले तर ही व्यवस्था त्याच दिवशी कोलमडेल. तेव्हा थकबाकीचा सगळा दोष एका बाजूवर टाकणाऱ्याचे भाषण ऐकलेत तर थोडे सावध राहा.

आता दंडाचे. दंड नाही. व्याज नाही, जप्ती नाही, कोणाचा पगार अडत नाही. समिती स्मरणपत्र पाठवते. उशीर करणाऱ्या देशांची यादी मानवाधिकार उच्चायुक्तांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर झळकते. फारच झाले तर समिती अहवालाविनाच त्या देशाची तपासणी करते. नागरी व राजकीय हक्कांच्या समितीने 2002 मध्ये गाम्बियाच्या बाबतीत तसे केले. हे ऐकून लोक हिरमुसतात. मी म्हणते, दंडाचे सोडा, नुकसान कोणाचे होते ते बघा.

हप्ते थकले की पतसंस्था शेवटी एकरकमी तडजोड करते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. एकत्रित अहवाल ही तीच तडजोड. चार-पाच मुदती एका गठ्ठ्यात बांधल्या की समितीला प्रश्न विचारायला एकूण सहा तास मिळतात, तेही दोन दिवसांत विभागून. वेळेवर पाच अहवाल आले असते तर पाच वेळा सहा-सहा तास मिळाले असते. शिवाय ज्या अधिकाऱ्याने निर्णय घेतला तो निवृत्त, ज्या मंत्र्याने आश्वासन दिले त्याचा पक्षच बदललेला. (गोव्यात याला सत्तावीस वर्षे लागत नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

तुमच्या तालुक्याचेच उदाहरण घ्या. आर्थिक हक्कांच्या करारातली 2011 ची तारीख पाळली गेली असती आणि मग पाच-पाच वर्षांनी पाळी येत गेली असती, तर 2018 पर्यंत 2011 आणि 2016 असे दोन अहवाल झाले असते. आता या तारखा गोव्याच्या तारखांशेजारी ठेवा. 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले. एप्रिल 2014 मध्ये अटी घालून मोकळीक दिली. 7 फेब्रुवारी 2018 रोजी 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थंड झाल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणीच्या धुळीत भातशेती गमावलेले शेतकरी, तळी आटलेले गाव: कामाचा हक्क, पाण्याचा हक्क, आरोग्याचा हक्क हे सगळे त्याच कराराचे विषय. खाण चालू राहावी की बंद, यावर डिचोलीत एका घरात दोन मते असतात आणि समितीने त्यात निवाडा दिला नसता. पण दोन्ही मतांच्या लोकांना आपले म्हणणे लेखी मांडायला दोनदा जागा मिळाली असती. ती गेली. अहवाल थकला म्हणजे हे थकले.

आणि ही जागा आपल्याला इतर देशांतल्या लोकांपेक्षा जास्त मोलाची का, तेही सांगते. पुष्कळ देशांतली व्यक्ती देशातली न्यायालये संपल्यावर थेट समितीकडे तक्रार करू शकते. त्यासाठी देशाने वेगळा ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे पुरवणी करार, स्वीकारावा लागतो. भारताने नागरी हक्कांचा, सीडॉचा, यूएनसीआरपीडीचा, कोणताही तक्रारीचा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. तेव्हा या समित्यांकडे जायला आपल्याला दार एकच, नियतकालिक अहवालाचे. ते किती वर्षांनी उघडते त्यावर सारे आले.

इथे थोडे विषयांतर करते, कारण ते गोव्याचे आहे आणि फारसे कोणी सांगत नाही. अहवाल न देण्याच्या इतिहासात गोव्याचे नाव एकदा ठळकपणे आलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 73 प्रमाणे, ज्या देशाच्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत त्याने तिथल्या आर्थिक, सामाजिक आणि शैक्षणिक स्थितीची माहिती महासचिवांना नियमित कळवायची असते. पोर्तुगाल 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांत आला. माहिती विचारल्यावर म्हणाला, आमच्याकडे वसाहतीच नाहीत. हे आमचे सागरापलीकडचे प्रांत आहेत. 1951 मध्ये संविधानात शब्द बदलून ठेवलेलेच होते. शेवटी 15 डिसेंबर 1960 रोजी आमसभेने ठराव क्रमांक 1542 करून प्रदेशांची नावेच लिहिली: अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर वगैरे, आणि त्यांत ‘गोवा आणि त्याची अधीन क्षेत्रे’. यांची माहिती देणे पोर्तुगालचे कर्तव्य आहे, असे बजावले. पोर्तुगालने तरीही दिली नाही. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, 19 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्त झाला आणि गोव्यापुरता तो प्रश्नच संपला. तेव्हा अहवाल मागणाऱ्यांच्या बाजूने भारत हिरिरीने उभा होता. मी दिल्लीतल्या एका चर्चासत्रात हे सांगितले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांना ते फारसे रुचले नाही. चहा मात्र चांगला होता.

आता उशीर का होतो. वरून दिसणारी कारणे खरीच आहेत: सहा करार, बालहक्कांचे दोन प्रोटोकॉल, करारागणिक निराळे मंत्रालय, दर तीन वर्षांनी बदलणारा अधिकारी, अठ्ठावीस राज्ये. काही वेळा अडचणीचे प्रश्न टाळायचे असतात, हेही खरे. पण मला खरे कारण एका टेबलावर दिसले.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका कचेरीत, कोणत्या ते सांगत नाही, दुसऱ्याच कामासाठी बसले होते. हेडक्लार्क बाई एक फॅक्स समोर धरून वैतागल्या होत्या. कडा काळ्या पडलेल्या, ओळी तिरक्या. दिल्लीहून निघालेला, सचिवालयातून खात्यात आणि खात्यातून यांच्याकडे आलेला. मूळ पत्राची तारीख आणि यांच्या आवक शिक्क्याची तारीख यांत एकोणीस दिवसांचे अंतर, आणि उत्तर ‘तातडीने, परतीच्या फॅक्सने’. खाली तक्ता. आडवे चौदा रकाने. ‘सांकेतिक भाषेचे प्रशिक्षित दुभाषे: संख्या’. ‘छळाच्या तक्रारी: आलेल्या, निकाली काढलेल्या’. ‘सुगम्य इमारतींची टक्केवारी’. बाईंकडे यातली दोनच रकान्यांची माहिती होती. बाकी बारा रकान्यांत त्यांनी सुबक अक्षरात एकच शब्द लिहिला: निरंक.

मी विचारले, तक्रारी खरेच निरंक? त्या म्हणाल्या, “मॅडम, आमच्या रजिस्टरला एकही नाही. दुसरीकडे असतील तर ते त्यांच्या तक्त्यात येईल.” दुसरीकडे तक्ता गेलाच नव्हता. आणि दुभाषे? “ते कोण मोजते?”

बाईंनी लबाडी केली नाही. त्यांच्यापुरते ते खरेच निरंक होते. पण ‘निरंक’ला दोन अर्थ आहेत: मोजले आणि शून्य निघाले, किंवा मोजलेच नाही. कागद एकेक पायरी वर चढतो तसा दुसरा अर्थ गळत जातो आणि पहिलाच उरतो. राज्याच्या बेरजेत ते शून्य धरले जाते, दिल्लीच्या मसुद्यात ‘राज्यांकडून तक्रारी कळविल्या गेलेल्या नाहीत’ असे वाक्य बनते. मग मसुदा तपासणारा एखादा जागरूक अधिकारी हे पटत नाही म्हणून पुन्हा माहिती मागवतो. पुन्हा फॅक्स, पुन्हा एकोणीस दिवस. अशा चार फेऱ्या झाल्या की वर्ष संपते, आधीचे आकडे शिळे होतात, नवे मागवावे लागतात. अहवाल थकतो तो बहुतेकदा असा. कोणी मुद्दाम फाइल दाबून बसलेला नसतोच असे नाही, पण दरवेळी असतोच असेही नाही.

आकड्यांचे आणखी एक. 2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 33 हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे प्रकार आठ होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले. 2021 ची जनगणना झालीच नाही. तुमच्या गटातले स्वमग्न मूल 2011 च्या तक्त्यात फार तर ‘इतर’ मध्ये गेले असेल, आणि अध्ययन अक्षमता असलेले मूल कुठेच नाही. यूएनसीआरपीडीचे कलम 31 सांगते की आकडेवारी गोळा करा आणि ती फोडून दाखवा. ती नसताना अहवाल लिहिणाऱ्याला आपल्याकडे योजनांची यादी जोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून आपले अहवाल योजनांच्या जाहिरातीसारखे वाचावे लागतात.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशाला हे झेपतच नाही. मला पटत नाही. मानवाधिकार परिषदेचा सार्वत्रिक आवर्ती आढावा, यूपीआर, हा वेगळा प्रकार आहे; त्यात तज्ज्ञ नव्हे, तर इतर देश प्रश्न विचारतात. त्यासाठी भारत एप्रिल 2008, मे 2012, मे 2017 आणि नोव्हेंबर 2022 असा चारही वेळा हजर होता, अहवालासकट. तीच मंत्रालये, तीच राज्ये, तोच तक्ता. फरक इतकाच की तिथे वेळापत्रक पक्के असते, आणि खुर्ची रिकामी राहिली तर सगळ्या जगाला दिसते. समित्यांनाही हे उमगले आहे. 2014 च्या एप्रिलमध्ये आमसभेने ठराव 68/268 करून अहवालांना शब्दमर्यादा घातली: नियतकालिक अहवाल जास्तीत जास्त 21,200 शब्दांचा, म्हणजे माझ्या या लांबलेल्या उत्तराच्या कित्येक पट. आता समितीच आधी प्रश्नांची यादी पाठवते आणि त्यांची उत्तरे हाच अहवाल धरला जातो. नागरी व राजकीय हक्कांच्या समितीने आठ वर्षांचे ठरीव चक्र सुरू केले आहे. आठ वर्षे हीही थोडी नव्हेत, पण सत्तावीसपेक्षा बरी.

आता तुमच्या वहीकडे येते. देशाच्या अहवालाबरोबर समिती स्वयंसेवी संस्थांचे, लोकसंघटनांचे पर्यायी अहवालही वाचते. अठरा तज्ज्ञांपैकी काहीजण एखाद्या देशाची जबाबदारी घेतात आणि त्यांच्या प्रश्नांचा बराचसा कच्चा माल इथूनच येतो. देशाचा अहवाल थकलेला असतानाही हे काम थांबवायचे नसते, कारण प्रश्नांची यादी जाहीर झाली की हातात थोडेच आठवडे असतात. तेव्हा वही शोधायला बसलात तर उशीर झालेला असेल.

तुम्ही पाठवलेले वर्णन वाचले. त्यात ‘शाळेने प्रवेश द्यायला खूप त्रास दिला’ असे आहे. हे मनाला भिडते, पण समितीच्या कामाचे नाही. कोणत्या तारखेला अर्ज दिला, कोणाच्या हातात, पोच घेतली का, उत्तर काय आले, तोंडी आले की लेखी, किती दिवसांनी? पोच नसेल तर निदान बरोबर कोण होते ते लिहा. पोच मागायला आपल्याकडे लोक लाजतात, साहेब रागावतील म्हणून. मी वीस वर्षे सांगते आहे, अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. मुलांची नावे वहीतच राहू द्या. बाहेर जाणाऱ्या कागदावर फक्त क्रमांक, वय आणि तालुका. पालकांची संमती लेखी घ्या, आणि संमती मागे घेता येते हेही त्यांना सांगा.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. यूएनसीआरपीडीच्या समितीने 2018 मध्ये काढलेल्या सातव्या सर्वसाधारण भाष्यात, म्हणजे कराराचा अर्थ उलगडणाऱ्या टिपणात, दिव्यांग व्यक्तींच्या स्वतःच्या संघटना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या इतरांच्या संघटना यांत स्पष्ट फरक केला आहे. पालकांच्या गटाला स्थान आहे, विशेषतः बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत, पण ते आधार देणाऱ्याचे. बोलायचे शक्यतो त्यांनी स्वतः. तुमच्या गटातली पंधरा-सोळा वर्षांची मुले आहेत ना? त्यांना विचारा आणि त्यांचे शब्द आहेत तसे लिहा, तुम्ही सुधारू नका. मागे एका मुलाने मला सांगितले होते, “बस थांबते, पण माझ्यासाठी थांबत नाही.” मी तीन पानांत जे मांडत होते ते त्याने एका वाक्यात सांगून टाकले.

2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला. पुढच्या अहवालात तो येणार, आणि यावाच; चांगल्या गोष्टी नोंदल्या जाव्यात. तुमच्या वहीने सांगायचे ते उरलेल्या दिवसांचे: साखळीच्या किंवा मयेच्या शाळेत जूनमध्ये काय झाले.

स्थानिक पातळीवर दोन हत्यारे आहेत. एक माहिती अधिकार. राज्यातल्या संबंधित खात्याकडे अर्ज करा आणि फक्त तीन गोष्टी मागा: यूएनसीआरपीडीच्या अहवालासाठी केंद्राकडून माहिती मागवणारी पत्रे कोणत्या तारखांना आली, उत्तरे कोणत्या तारखांना गेली, आणि त्या उत्तरांच्या प्रती. ‘का दिली नाही’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही आणि त्या एका शब्दावर अख्खा अर्ज परत येतो. चुकीच्या खात्यात गेला तर कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. तीस दिवसांत काही आले नाही तर पहिले अपील. केंद्रातल्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाकडे ऑनलाइन अर्ज होतो, शुल्क 10 रुपये. तिथून कदाचित परराष्ट्र संबंधांचे कारण पुढे करून कलम 8 दाखवतील. अहवालाच्या मसुद्याला ते लागू होईलही, पण राज्याने पाठवलेल्या रॅम्पांच्या संख्येने कोणाचे परराष्ट्र संबंध बिघडणार, हे अपिलात नम्रपणे विचारता येते.

दुसरे, एलएक्यू, म्हणजे आमदाराने विधानसभेत विचारलेला प्रश्न. गोव्याची विधानसभा चाळीस जणांची. तुमचा आमदार तुम्हाला लग्नात, जत्रेत, श्राद्धातही भेटतो, ही सोय उत्तर प्रदेशातल्या माणसाला नाही. तेच तीन प्रश्न त्याच्या हातात टाइप करून द्या. विधानसभेच्या पटलावर आलेल्या उत्तरात ‘निरंक’ लिहिले गेले तर ते मंत्र्याच्या नावावर लिहिले जाते, आणि मग तुमच्या वहीतली पोच त्याच्याशेजारी ठेवता येते. समितीला असा जोडकागद दिला की तज्ज्ञांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

जिनिव्हाला जायची गरज नाही. पर्यायी अहवाल ईमेलने जातो, एकट्याने पाठवण्यापेक्षा देशपातळीवरच्या गटांबरोबर पाठवलेला बरा, आणि तो इंग्रजीत लागतो. मराठीतल्या मूळ नोंदी आपल्यापाशी जपून ठेवायच्या. चर्चा इंटरनेटवर थेट दिसते. पहिली बैठक बहुधा तिथल्या दुपारी तीनला सुरू होते, उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा साडेसहा, दिवेलागणीची वेळ.

वहीची चार पाने, नावे कागदाने झाकून, फोटो काढून पाठवा. कोणती नोंद यूएनसीआरपीडीच्या कलम 24 खाली, म्हणजे शिक्षणात, बसते आणि कोणती कलम 9 खाली सुगमतेत, ते पेन्सिलने खुणा करून परत पाठवते. जिथे तारीख नाही तिथे गोल करीन. ती तुम्ही पालकांना विचारून गणपतीच्या आधी भरून घ्या, चतुर्थीत कोणी सापडणार नाही.